फळ्यावरची पेशी

आमच्या वसईच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी विरारचे तेच परीक्षक येतात. स्टुलावर आधी रुमाल अंथरतात, परीक्षा संपेपर्यंत चहाला शिवत नाहीत आणि समोरच्याचे शब्द परत म्हणतात.

"कांदा ताजा आहे, सर."

"ताजा आहे."

हे कौतुक की संशय, मला अजून कळलेलं नाही.

मी वेळ वाचवणारी बाई. मायक्रोस्कोप कमी, मुलं जास्त, म्हणून कांद्याच्या पेशी आदल्या दिवशी फळ्यावर काढून देते. यंदा खडू मोडला आणि एका पेशीत केंद्रक काढायचं राहिलं. जवळजवळ सगळ्या उत्तरपत्रिकांत ती पेशी तशीच रिकामी उतरली.

फक्त खाडीकडच्या एका मुलीने पेशींवर काळ्या कडेचे मोठे गोल काढले होते. तिचे गुण जातील म्हणून मी मध्ये पडले.

"सर, तिचं जरा चुकलंय."

"चुकलंय," म्हणत त्यांनी तिच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. "हे गोल कसले, बाळ?"

"हवेचे बुडबुडे, सर. वरची काच ठेवताना पानी कमी पडलं."

त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मग बाकीच्या उत्तरपत्रिका माझ्या हातात ठेवल्या.

"मॅडम, यांना शून्य देऊ, की पुन्हा काढायला देऊ? या वेळी बघून?"

"पुन्हा देऊ या, सर," मी घाईने म्हणाले आणि मुलांना धीर यावा म्हणून स्वतः एका मायक्रोस्कोपपाशी बसले. जाणकार चेहऱ्याने स्क्रू फिरवला. नुसता पांढरा उजेड. आणखी फिरवला.

ती मुलगी माझ्या कानाशी वाकली.

"मॅडम, स्लाइड नाय ठेवली."