इथून काय दिसतं?

कुठल्याही घरात गेले की साहेब आधी घरमालकाला त्याच्या रोजच्या खुर्चीत बसवायचे, स्वतः बाजूला उभे राहायचे आणि विचारायचे, "इथून काय दिसतं?" उत्तर नीट ऐकून घेतल्यावरच पिशवीतलं होकायंत्र बाहेर यायचं.

माझं गंगापूर रोडला फर्निचरचं दुकान आहे. साहेब घरांना, ऑफिसांना फेंगशुईचा सल्ला द्यायचे आणि पलंग-कपाटं हलवायला मला बोलवायचे. त्याआधी सातपूरच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. कारखाना बंद पडल्यावर पुस्तकं वाचून हे शिकले. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल: खिशात मोजपट्टी, पिशवीत हसरा बुद्ध आणि दोन बासरीवजा बांबू. मी मनातल्या मनात त्यांची भरपूर टिंगल करायचो.

एका दातांच्या डॉक्टरांकडे त्यांनी तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक ठेवला, तोंड आतल्या बाजूला करून. झाडलोट करणाऱ्या मावशी रोज त्याला दाराकडे फिरवायच्या. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आवं, लय टकामका बघतंय ते. मला काम सुधरत नाय." साहेब मनापासून हसले आणि बेडूक कपाटावर, मावशींच्या नजरेबाहेर ठेवला.

एका वकिलांची खुर्ची दाराकडे पाठ करून होती. त्यांना बसवून साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. वकील म्हणाले, "भिंत." आम्ही टेबल फिरवलं. महिन्याभराने वकिलांची मान दुखायची थांबली. मी म्हणालो, "साहेब, कोण आलं ते बघायला दिवसभर वळत होते, म्हणून दुखत होती. याला चीनपर्यंत कशाला जायला हवं?"

"खरं आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगितलं असतंत, तर त्यांनी टेबल हलवलं असतं का, मिस्त्री?"

त्या दिवसापासून टिंगल जरा कमी झाली.

मग त्यांच्या बायकोचा कॅन्सर मणक्यात उतरला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. याचा अर्थ सगळ्यांना कळतो. साहेबांनी तो कळून घेतला नाही.

वहिनींचा पलंग खिडकीशी होता. पडल्या पडल्या त्यांना समोरचं बदामाचं झाड दिसायचं, त्याच्या सावलीतला भाजीवाला दिसायचा. "आज त्याने मेथी आणलीय," असं त्या मला सांगायच्या. साहेबांच्या मते खिडकीशेजारी झोपलं की अंगातली शक्ती बाहेर वाहून जाते. एका महिन्यात मी तो पलंग तीनदा हलवला. दर वेळी वहिनी ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. शेवटी पलंग आतल्या कोपऱ्यात गेला आणि खिडकी त्यांच्या डोक्यामागे गेली. पायांसमोर उरलं कपाट.

आठवड्याने साहेबांचा पुन्हा फोन आला. "मिस्त्री, एक गोष्ट नजरेतून सुटली होती. कपाटाचा आरसा. पलंगासमोर आरसा म्हणजे आजार दुप्पट."

मी स्क्रू सोडवायला लागलो तशा वहिनी म्हणाल्या, "दादा, तेवढा राहू द्या. त्यात बदाम दिसतो."

मी थांबलो. साहेब पलंगाजवळ जाऊन वाकले. "पंधरा दिवस फक्त. तुला उतार पडला की लगेच परत लावू. ऐक माझं."

वहिनी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "काढा, दादा. त्यांना तरी बरं वाटू दे."

मी काढला. नाही म्हणता आलं असतं मला. शेकडो घरांत विचारलेला तो प्रश्न या माणसाने स्वतःच्या घरात एकदाही विचारला नव्हता, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. तरी मी आरसा गोधडीत गुंडाळून दुकानात नेला.

वहिनी नवव्या दिवशी गेल्या, कपाटाच्या उघड्या प्लायवूडकडे तोंड करून.

तेरावं झाल्यावर साहेब दुकानात आले. पिशवी नव्हती. "आरसा आहे ना हो?" एवढंच विचारलं. आम्ही तो घेऊन गेलो. मी जुन्याच भोकांत स्क्रू बसवले आणि मागे वळून बघतो तर साहेब वहिनींच्या पलंगावर उताणे झोपलेले.

"खाली घ्या जरा," ते म्हणाले.

"साहेब, आधी इथेच होता."

"तिची उशी काढून टाकली होती. तिला मान वर करता यायची नाही. इथून नुसता झाडाचा शेंडा दिसतो, मिस्त्री. तिला भाजीवाला दिसत नसणार."

मी नवीन भोकं पाडली आणि आरसा चार बोटं खाली घेतला. कपाटाच्या वरच्या बाजूला प्लायवूडची पट्टी उघडी पडली, वाईट दिसत होती. साहेबांचा फोन वाजत होता. उशाशीच होता, पण त्यांनी हात लावला नाही. आरशात झाड आलं, रस्ता आला, हातगाडी आली.

"काय दिसतं, साहेब?" मी विचारलं.

"मेथी आणलीय त्याने," ते म्हणाले आणि कुशीवर वळले, भिंतीकडे.