एकच प्रत

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत ड्युटी असलेल्या त्या महिला शिपायाला सगळे फोटोताई म्हणायचे. आधीची कित्येक वर्षं तिने लोकांच्या पिशव्या उपसण्यात, बुटांचे तळ वाकवून बघण्यात आणि रडणाऱ्यांना "चला, वेळ संपली" म्हणण्यात घालवली होती. तिला बघितलं की लोक तोंड फिरवायचे. मग कुठल्याशा संस्थेने कॅमेरा भेट दिला आणि तिच्या कपाळावरचा शिक्का पुसला गेला.

बटण दाबलं की घरघर करत पुढून पांढरा चौकोन बाहेर टाकणारा, खेळण्यासारखा जाडजूड कॅमेरा होता तो. साहेबांना पसंत पडला, कारण फोटो निघायचा तो एकच. ना निगेटिव्ह, ना कुणाला पाठवायची सोय. फोन तर सगळ्यांचेच फाटकावर जमा व्हायचे, फोटोताईचासुद्धा.

"ताई, हा डबा कुठून उकरून काढला?" लोक आधी हसले. पण चौकोन हातात आला की हसू विरायचं. सुरुवातीला नुसतं पांढरं, मग धुरकट पिवळं, मग केस, मग डोळे. टेबलाच्या दोन बाजूंची डोकी नकळत एकमेकांना टेकायची. ज्यांच्या फोनमध्ये फोटोंचा ढीग पडलेला असायचा, तेही या एकासाठी श्वास रोखून बसायचे. थंडीत रंग नीट चढत नाहीत, म्हणून कैदी तो शर्टाच्या आत धरायचे, कोंबडीने अंडं उबवावं तसा.

"आई, असले फोटो हल्ली हौसेपोटी काढतात," घरी मुलगी चिडवायची.

"हौसेला कोण येतंय आमच्याकडे!" फोटोताई म्हणायची.

पुढे फिल्म मिळणं अवघड होत गेलं. संस्थेने हात वर केले. शेवटच्या पाकिटातला शेवटचा फोटो तिने काढला तो एका फरशी बसवणाऱ्या कैद्याचा आणि त्याच्या आईचा. म्हातारी दोन बस बदलून, गुडघे चोळत आली होती.

फोटो छान आला. म्हातारी चक्क हसली होती. पण तो कुणी ठेवायचा यावरून दोघांची जुंपली.

"तू ने," लेक म्हणाला.

"मला कशाला? डोळे मिटले तरी तू दिसतोस. तुझ्याजवळ राहू दे. मला आता परत यायला जमेलसं वाटत नाही रे."

"असं बोलू नकोस. ताई, अजून एक काढा ना."

"फिल्म संपली."

"मग मधोमध कापून द्या."

"कापला की थर सुटतात. दोन्ही अर्धे वाया जातील."

घंटा झाली. म्हातारीने फोटो त्याच्या खिशात कोंबला, वरून हात दाबला आणि मागे न बघता चालू लागली.

ती खरंच परत आली नाही. काही महिन्यांनी कैद्याची थोरली बहीण आली आणि बसायच्या आतच म्हणाली, "आई गेल्याचं कळलंय ना तुला? तिचा धड फोटोच नाही आमच्याकडे. जुना फोन बिघडला, त्यात होतं-नव्हतं ते गेलं. तो तुझ्याकडचा दे."

त्याने खिसा मुठीत धरला. "तुला घर आहे, तिची खाट आहे, तिला ओळखणारे शेजारी आहेत. मला इथं काय आहे?"

"मी फाटकावर फोनमध्ये काढून घेते आणि परत देते!"

पण बाहेर गेलेली वस्तू आत घ्यायची नाही, हा नियम होता, आणि फोन आत येऊ द्यायचा नाही, हाही. फोटोताई त्याच्याकडून फोटो मागून घेऊन साहेबांकडे धावली. साहेब माणूस वाईट नव्हता. "नियम काही मी केले नाहीत, बाई. ऑफिसच्या झेरॉक्सवर बघा जमलं तर," म्हणाला. मशीनमधून कागद आला. त्यावर दोन काळे डाग होते, चेहरा एकालाही नव्हता. तिने पुन्हा काढला. पुन्हा डागच.

तो कागद बघून बहीण फोटोताईकडे वळली. "तुम्ही तरी सांगा ना याला. तुमचं ऐकेल."

कुणाला काय सांगणार? बहिणीचं खरं होतं, भावाचंही खरं होतं. फोटोताईने हातातला फोटो ज्याचा होता त्याला परत दिला.

"ठेव बाबा उराशी," बहीण म्हणाली. "मला भाऊ नव्हता असं समजेन." घंटा व्हायच्या आतच ती निघून गेली.

भाऊ बसूनच राहिला. कैद्याला स्वतःहून उठायची मुभा नव्हती. उठवायचं काम फोटोताईचं. "चला," ती म्हणाली.

त्यानंतर त्याला भेटायला कुणीच आलं नाही. फोटोताईने बहिणीला निरोप धाडून पाहिले, उत्तर आलं नाही. शेवटी भेटीची खोली नको म्हणून तिने साहेबांकडे फाटकावरची ड्युटी मागितली.

"छे! लोक तुम्हाला ओळखतात," साहेब म्हणाला. "त्यांना तुमचा आधार वाटतो. तुम्ही तिथंच बऱ्या."