बाटलीवरचं नाव

तात्याला मी माफ केलेलं नाही. तो माझा सख्खा चुलता, गारगोटीजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचा मेंबर. विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीची पोती त्याच्याच ताब्यात असायची.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. आमच्या सरांना मुरी जिवंत बघायची होती. मुरी म्हणजे बोटाएवढी, अंगावर पट्टे असलेली मासळी. स्वच्छ वाहत्या पाण्यात दगडाखाली दडून राहते. आसपासच्या ओढ्यांतून ती संपली होती. आमच्या गावच्या डोहात तेवढी उरली होती, आणि हे मी सरांना कॉलर ताठ करून सांगितलं होतं.

रविवारी सरांना घेऊन गेलो, तर डोहभर पांढरी पोटं तरंगत होती. आदल्या दिवशी तात्यानं पाहुण्यांच्या जेवणासाठी पोतं ओतलं होतं. मोठे मासे नेले, मुऱ्या तशाच टाकल्या.

"बोटभर माशाचं काय घिऊन बसलाईस रं? पावण्यांस्नी काय डाळ वाढायची व्हय?" तो सरांसमोर म्हणाला आणि हसला.

मी डूख धरला. एक मेलेली मुरी कोल्हापूरला आणून फॉर्मेलिनच्या बाटलीत घातली. बाटलीच्या चिठ्ठीवर मासा कुठं, कसा आणि कुणी धरला ते लिहायची पद्धत असते. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ब्लीचिंग पावडर टाकून. पुढं तात्याचं नाव, बापाच्या नावासकट.

दहा-बारा वर्षांनी तात्याची नात आमच्याच कॉलेजात आली. प्रॅक्टिकलला माशाचं चित्र काढून चिठ्ठी जर्नलमध्ये उतरवून घ्यावी लागते. तिच्या टेबलावर मी मुद्दाम तीच बाटली ठेवली. पोरीनं मान खाली घालून आजोबाचं नाव लिहिलं.

आठवड्याच्या आत तात्या प्रयोगशाळेच्या दारात उभा.

"तेवढं नाव खोड की. पोरगी माझ्याशी बोलंना झालीया."

"डोहात एक जिवंत मुरी दाखवा तात्या, आत्ता खोडतो."

तो खरंच शोधायला लागला. सत्तरीचा माणूस, धोतर खोचून गुडघाभर पाण्यात दगड उलटत बसायचा. चुलती फोनवर रडायची, "किती छळशील त्येला?" मला बरं वाटायचं. असे तीन उन्हाळे गेले, मुरी मिळाली नाही. मग तात्याच गेला.

दहाव्याला नात माझ्याजवळ आली. "काका, आता तरी खोडा की."

मी म्हटलं, "मुरी दाखव."