कराच्या दिवशीचा नकली नाकतोडा

पोळ्याच्या दिवशी समदं गाव बैलांच्या शिंगांकडं पाहत होतं अन् मी आभाळाकडं. खोटं कायले सांगू? बैलाले ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली, पण डोक्यात एकच घोर, आज पाऊस नको बापा. पाऊस झाला की नदी गढूळ, अन् गढूळ पाण्यात मासा काय पाहील अन् मी काय पाहीन!

कारण दुसऱ्या दिवशी कर होती. आमच्या वाशिमाकडं पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. श्रावणभर चूल सोवळी असते, ती कराच्या दिवशी मोकळी होते. कोणाकडं मटण, कोणाकडं कोंबडा, अन् नदीकाठच्या आमच्यासारख्याकडं मासे. म्हणून आमच्या गळाचा हंगाम कराच्या सकाळीच उघडते. महिनाभर कोणी छेडलेलं नसते, त्यामुळं मासा गाफील असते अन् भुकेलाही. मले हे माहेरी बापानं शिकवलं. पोरीच्या जातीनं गळ धरू नये, हे त्याले कोणी सांगितलंच नव्हतं वाटते. अन् सासरी आली तर काटेपूर्णा नदी घरामागंच! मंग काय विचारता.

पण या वर्षीची गोष्ट निराळी होती. मागच्या पावसाळ्यात नदीतल्या शेवाळलेल्या दगडावरून मी घसरली. गुडघा असा सुजला की दिवाळीचे दिवे खाटेवर बसूनच पाहिले. तवापासून घरात फर्मान निघालं. लेक म्हणे, "माय, आता नदी बंद." मी भांडली, रुसली, एक दिवस जेवलीबी नाही. शेवटी सुनेनं तोडगा काढला. मोठी हुशार बाई आहे ती.

"आई, या कराले एकडाव जा. काठावरूनच टाका गळ, पान्यात पाय घालाचा नाही. मासा आनला तर पुढंही जा, कोनी अडवनार नाही. नाही आनला तर तुमची काठी माह्या कारल्याच्या मांडवाले."

माझी काठी! साधा बांबू नाही तो. शेंड्याकडं निमुळता, बुडाशी मुठीत बसेल असा, दरसाल जवसाचं तेल पाजलेला. त्याच्यावर कारली लोंबणार! पण मी हो म्हटलं. दुसरं काय करता?

त्यात लेकानं पहारा ठेवला. पहारा म्हणजे माझी नणंद. माझ्याहून लहान, पण जीभ मोठी. शेजारच्याच गल्लीत राहते. तिनं जन्मात कधी नदीत पाय घातला नाही. चिखल पाहिला की तिच्या अंगावर काटा येते.

पोळ्याच्या दुपारी मी वावराच्या धुऱ्यावर नाकतोडे पकडायले गेली. मरळ मासा गांडुळाले विचारत नाही, त्याले पाण्यावर फडफडणारा जीव पाहिजे. हिरवा नाकतोडा गळाले टोचायचा, काठीच्या टोकानं पाण्यावर नाचवायचा, अन् खालून मरळ अशी झेप घेते की काळीज तोंडात येते. पण धुऱ्यावर एक नाकतोडा असेल तर शपथ! सोयाबीनवर आत्ताच फवारणी झाली होती. गवत झोडपलं, बांध पालथा घातला. एक फुलपाखरू उडालं, तेवढंच.

घरी येऊन ओट्यावर बसली. वाटलं, झालं, लागली काठी मांडवाले. तेवढ्यात बैलं तोरणाखालून घरी आली. गोठ्यासमोर त्यांच्या शिंगांची बेगड गळून पडली होती, चमचम करत. एका बैलाच्या कपाळावरचा हिरवा लोकरीचा गोंडा सुटून शेणात लोळत होता. अन् त्या गोंड्यावर चोच मारून राह्यला होता आमचा तांबडा कोंबडा. मासा नाही आला तर कराले तोच कापायचा होता, हे त्याले बिचाऱ्याले कुठं ठाऊक.

मी गोंड्याकडं पाहिलं, बेगडीकडं पाहिलं, कोंबड्याच्या शेपटीकडं पाहिलं. अन् काय सांगू, अंगात वीज भरल्यासारखं झालं!

कोंबड्याले पकडून शेपटीची दोन पिसं उपटली. त्यानं समदं गाव डोक्यावर घेतलं. गोंडा धुतला, त्याची हिरवी लोकर गळाच्या दांडीवर गुंडाळली, ते झालं अंग. वरून बेगडीची बारीक पट्टी, ती पंखाची चमक. दोन्ही बाजूले पिसं फाकवून बांधली, ते झाले पाय. हे समदं शिवणाच्या दोऱ्यानं आवळून राह्यली तर नणंद आली.

"काय वो वैनी, बाहुलीचं लगन लावून राह्यली का?"

"नाकतोडा हाय."

"हा?" तिनं हातात घेऊन उलटापालटा केला. "मासा का आंधळा हाय वो? याले पाहून हासन तो. पोट धरून हासन."

"हासाले तोंड तर उघडन ना? तेवढंच पायजे मले."

बादलीत टाकून पाहिला तर नाकतोडा सरळ तळाले. पिसं भिजली की जड होतात. नणंदेले हसायले निमित्तच भेटलं. मंग मले आठवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतो ना, त्यातलं तूप वाटीत उरलं होतं. ते पिसांले अन् लोकरीले चोळलं, जादाचं पुसून घेतलं. पुन्हा बादलीत टाकला. तरंगला! असा ऐटीत तरंगला की नणंद वाकून पाहायले लागली.

"बैलाचंच समदं चोरलं वो तुनं," एवढंच म्हणे.

रात्री पाऊस आला नाही. कराच्या सकाळी आमी दोघी डोहावर. पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं, म्हणजे गढूळपणा बसत आलेला. पलीकडच्या अंगाले बेशरमाची झाडी पाण्यात उतरलेली, जांभळी फुलं अन् खाली काळी सावली. मरळ तिथंच राहते. ती मधूनमधून हवा घ्यायले वर येते, पाण्यावर एक बुडबुडा फुटते. मी तो बुडबुडा पाहिला अन् नणंदेचा हात दाबला.

"काय झालं? गुडघा दुखून राह्यला का?"

"चूप वं! मरळ!"

काठी लांब केली. काठीएवढाच तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, अन् टोकाले नाकतोडा. सावलीच्या कडेवर हलकेच टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला. टिक, टिक, टिक. खरा नाकतोडा पाण्यात पडला की जसा तडफडते, तसा. काही नाही. पुन्हा. काही नाही.

"वैनी, कारले कोन्या जातीचे लावनार हाय सून? बारीक का लांब?"

तिचं बोलणं संपलं नाही तर पाणी फुटलं! असं फुटलं जसं कोणी घागर आपटली. नाकतोडा गायब. काठी कमानीसारखी वाकली, तंगूस पाण्यात सूं करत फिरायले लागला.

"लागली! लागली वं बाई!"

"ओढ वैनी, ओढ!"

"ओढू नाही, तुटते!"

मरळ खाली गेली, वर आली, अर्धी हवेत उडाली. हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, काळीभोर, पोट पांढरं. मी काठी उजवीकडं नेली तर ती डावीकडं. अन् शेवटी जे व्हायचं तेच झालं. काठाजवळही बेशरमाच्या झुडपांचा एक जुमडा होता, ती त्यात घुसली. तंगूस फांद्यांत अडकला. काठी हालेना. फांद्यांच्या मधात शेपटी आपटून राह्यली होती, माझ्यापासून चार हातावर. पाणी असन गुडघ्याएवढं.

मी चप्पल काढली.

"वैनी! शब्द देला हाय तुनं!"

"चार हात हाय वं फक्त!"

"घसरली तर? मी तुह्या पोराले काय सांगू? चप्पल घाल!"

मी तशीच उभी. पुढं गेली तर शब्द जाते, उभी राह्यली तर मरळ जाते, अन् मरळीसंगं नदीच जाते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, सांगते. नणंदेनं माझ्याकडं पाहिलं, मंग त्या फांद्यांकडं पाहिलं.

"आग लागो तुह्या नाकतोड्याले!" म्हणे, अन् लुगड्याचा काचा मारला.

अन् गेली! चिखलात! एकेक पाय टाकता टाकता बैलाले, कोंबड्याले, माह्या माहेरच्या समद्या खानदानाले शिव्या. "माय वो, पायाखाली काय वळवळलं! वैनी, हे काय हाय?"

"चिखल हाय. कल्ल्यामागं धर! शेपटीले नको, बुळबुळीत असते!"

तिनं डोळे मिटले अन् दोन्ही हात फांद्यांत खुपसले. काय झटापट झाली! मरळीनं तिच्या तोंडावर शेपटी हाणली. हे बाई ओरडली, पण सोडलं नाही. मासा छातीशी धरला, पोराले धरतात तसा, अन् चिखलातून धपधप करत वर आली. डोईपासून पायापर्यंत भिजलेली, गालाले शेवाळ. तिनं मासा धरल्याबरोबर मी तंगूस तोडून देला होता. आमी दोघी गवतात बसलो अन् अशा हसलो की गुरं चारणारा लांबून विचारे, "काय झालं वो मावश्या?"

घरी सुनेनं दारातच अडवलं. आधी मासा नाही पाहिला तिनं, माझे पाय पाहिले. कोरडे. मंग नणंदेचे पाहिले. चिखल मांडीपर्यंत सुकलेला.

"आत्याबाई, तुमाले तर पहाऱ्यावर धाडलं होतं ना?"

"पहारा कोरड्यानं होते काय?" नणंद म्हणे. "मसाला वाट लवकर. अन् शेपटीकडचा तुकडा माहा. त्या शेपटीचं माह्याकडं देणं हाय."

लेकानं हसत काठी घेतली अन् वळचणीले जिथल्या तिथं खोचून देली. कारल्याचा मांडव सुनेनं तुराट्यांवर उभा केला, चांगला चढला वेल. कोंबडा अजून हाय, अर्ध्या शेपटीनं अंगणात मिरवते. पण मले पाहिलं की खाटेखाली पळते, अन् बरंच करते. कारण परवा नणंद सकाळीच आली, हातात ताजा तोडलेला बांबू.

"वैनी, याले तेल किती दिवस पाजाचं? अन् तो कोंबडा कुठं हाय?"