रिकामा बैल

तारीख ११ मार्च २००७, रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण : साखऱ्याजवळच्या तांड्यावरचं समाजमंदिर. हजर : नायकांच्या पत्नी सोनाबाई, धाकटे भाऊ किसनराव, तांड्यावरची चाळीस-पंचेचाळीस माणसं, हिंगोलीहून माझे वडील अप्पा आणि मी. खुर्च्या तीस सांगितल्या होत्या, मोजल्या तर एकतीस भरल्या. बाकीचे सतरंजीवर बसले, पण एक खुर्ची कोणीच घेतली नाही. किसनरावांना विचारलं तर म्हणाले, "दादाची सवय हाय ती. येक जास्तीची ऱ्हातीच आमच्याकडं."

ज्यांच्या शोकसभेसाठी आम्ही जमलो होतो, ते कागदोपत्री राठोड साहेब. तांड्यावरही साहेबच. नायक म्हणायचो ते आम्ही विमानतळावरची माणसं. वडिलांच्या मागं तांड्याचं नायकपण धाकट्या भावानं सांभाळलं आणि हे निघून गेले उत्तरेला, पण नाव त्यांच्याबरोबर तिथवर गेलं. पंजाबी, तमिळ, बंगाली, सगळे त्यांना 'नायकजी' म्हणत.

मी १९९६ साली त्या विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात रुजू झाले. कुठलं विमान कधी सोडायचं, कुठल्या उंचीवर ठेवायचं, कुठल्या क्रमानं उतरवायचं, हे तिथून ठरतं. सीमा फार लांब नव्हती. धावपट्टी एकच, तीही हवाई दल आणि प्रवासी विमानं यांच्यात सामाईक. पहिल्याच आठवड्यात मी चहाच्या खोलीतून घरी फोन करत होते. "अप्पा, गोळ्या वेळेवर घेऊन राहिले ना?" फोन ठेवला तर मागून आवाज आला, "आपल्याच पट्ट्यातली दिसतीस बाई. हिंगोली का वसमत?" मी हिंगोली म्हटलं. ते म्हणाले, "मी साखऱ्याचा. बस. चहा गार करून राहिलीस."

ते आमच्या पाळीचे प्रमुख. त्यांच्या कामाची एक रीत तिथल्या प्रत्येकाला माहीत होती. मनोऱ्यात प्रत्येक विमानाची कागदाची एक पट्टी असते. तिच्यावर नाव, वेळ, उंची लिहून ती समोरच्या उतरत्या फळीवर क्रमानं लावतात. नायकांच्या फळीवर मधोमध एक पट्टी कोरी असायची. नवख्या माणसाला वाटायचं, लिहायची राहिली. ते म्हणायचे, "राहू दे. त्यो रिकामा बैल हाय."

त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. शंभर बैल लादलेले असले तरी एक बैल मोकळा चालायचा. वाटेत एखादा लंगडला तर त्याचं ओझं याच्यावर. आणि पुढच्या मुक्कामाला पाणी किती आहे याची खबर घेऊन माणूस परत आल्याशिवाय तांडा हलायचा नाही. नायक सांगायचे, "शंभर बैल नेऊन पन्नासांचं पाणी निघालं तर? तहानेला बैल वाटंत ठिवण्यापरीस खुट्ट्याला बांधल्याला बरा." विमानांचंही त्यांना हेच वाटे. इथे उतरायला जागा नसेल तर तिथून उडूच द्यायचं नाही. जमिनीवर थांबलेलं विमान नुसतं थांबलेलं असतं. आकाशात थांबलेलं विमान इंधन पीत असतं.

१९९९च्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली आणि या बोलण्याचा अर्थ आम्हाला रोज कळू लागला. लढाऊ विमानं केव्हाही उडायची, केव्हाही परतायची आणि धावपट्टी आधी त्यांची. प्रवासी विमानांना तासाला चार जागा उरल्या. त्यातल्या नायक तीनच वाटायचे. चौथी कोरी पट्टी. दिल्लीच्या थेट फोनवर मी बसायचे. माझ्या यादीतलं नाव मी सांगितल्यावरच तिकडून विमान सुटायचं. दोन-दोन, चार-चार तास उशीर व्हायचा. विमान कंपनीचा माणूस वर येऊन गयावया करायचा, "नायकजी, पब्लिक को बीस मिनट बोल दूँ? शांत रहेंगे."

"पौने तीन घंटे बोलो," नायक म्हणायचे. "आदमी घर जाएगा, खाना खाएगा, वापस आएगा. बीस मिनट बोलोगे तो वो भूखा खड़ा रहेगा." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "खोटी वीस मिनिटं कुनाला देऊ नये, बाई. उशीर सोसतो मानूस. फसवल्याचं सोसत न्हाई."

लोक चिडायचे, शिव्याही द्यायचे. पण त्या महिन्यात आमच्या आकाशात एकही विमान विनाकारण घिरट्या घालत नव्हतं. एक दिवस सोडून. आणि त्या दिवसाचं कारण मी होते.

अप्पांचं तिकीट मी लढाईच्या आधीच काढून ठेवलं होतं. अप्पा हिंगोलीतल्या देवीच्या मंदिरातले पुजारी. आयुष्यात विमानात बसलेले नव्हते. लढाई सुरू झाल्यावर मी नको म्हटलं, तर म्हणाले, "तिकीट काढलंय ते वाया घालवायचं? आणि पोर तिथं असताना बाप का नाही येऊ शकत?" नांदेडहून रेल्वेनं दिल्ली, तिथून विमान. सकाळी सहापासून ते दिल्लीच्या विमानतळावर बसून होते. मधुमेह, हिंदी जेमतेम, जवळ धपाट्यांचा डबा. दुपारी एक वाजता त्यांचं विमान माझ्या यादीत पाचवं होतं, म्हणजे अजून दीड-दोन तास. नायक हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना भेटायला दहा मिनिटं खाली गेले होते. दिल्लीहून विचारणा आली, पुढचं कुठलं? समोर कोरी पट्टी होती. मी पेन्सिल उचलली, त्या पट्टीवर अप्पांचं विमान लिहिलं आणि दिल्लीला तेच सांगितलं. मनात म्हटलं, बैल रिकामाच तर चाललाय.

पाऊण तासानं परतलेल्या एका लढाऊ विमानाचं चाक धावपट्टीवर फुटलं आणि धावपट्टी बंद झाली. आकाशात तीन प्रवासी विमानं असायला हवी होती, होती चार. सर्वांत जवळच्या दुसऱ्या विमानतळावर त्या तासाला तीनच घेता येणार होती. नायक एव्हाना वर आले होते. त्यांनी फळीकडे पाहिलं.

"ह्ये अक्षर कुनाचं?"

"माझं."

"कोन हाय त्यात?"

"माझे वडील."

ते शांतपणे म्हणाले, "आता त्यो बाप न्हाई, चवथं विमान हाय. चौघांचं इंधन विचार."

मी विचारलं. अप्पांचं विमान सर्वांत शेवटी सुटलेलं, म्हणून इंधन त्याच्यातच जास्त. नायकांनी बाकीची तीन दुसरीकडे पाठवली आणि अप्पांचं डोक्यावर फिरत ठेवलं. मला मात्र त्यांनी फोनवरून उठवलं नाही. धावपट्टी मोकळी व्हायला किती वेळ लागेल ते खालच्या माणसांना दोनदा विचारून त्यांनी वैमानिकाला सांगितलं, "चालीस मिनट." त्याच्याजवळ पन्नास मिनिटांचं इंधन होतं. दहा मिनिटांची फट. त्यापलीकडे त्याला जायला जागा नव्हती. तेवढ्या वेळात नायक दोनदाच बोलले. एकदा वैमानिकाशी आणि एकदा माझ्याशी, "पानी पी." एकेचाळिसाव्या मिनिटाला विमानाची चाकं टेकली. नायकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "येक मिनिट चुकलं."

अप्पा खाली उतरले ते उत्साहानं फुललेले. "अगं, अकरा प्रदक्षिणा घातल्या! खिडकीतून तोच पूल अकरा वेळा दिसला, मोजला मी!"

त्या संध्याकाळी नायकांनी नोंदवहीत सगळं खरं लिहिलं. राखीव जागा कोणी दिली तेही. माझ्याकडे वही सरकवून म्हणाले, "तुझं नाव गाळलं तर उद्या दुसरा कुनी ह्येच करंल. पर बघ, तुझ्या वरती माझं नाव हाय. तुला रिकामा बैल नुसता दावला म्या. रिकामा काहून ठिवायचा ते बराबर समजून घेतलंस का, ह्ये कधी इचारलं न्हाई." मला लेखी ताकीद मिळाली, सहा महिने त्या फोनपासून दूर ठेवलं. त्यांची त्या वर्षीची बढती गेली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला आले. अप्पांनी धपाटी वाढली आणि मिस्कीलपणे विचारलं, "काय हो साहेब, आम्हाला अकरा प्रदक्षिणा घातल्यात, खाली देव कुठला होता?"

"चुकलं माझं, महाराज," नायक म्हणाले. "अंदाज चुकला."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्यापुढे लोणच्याची वाटी सरकवली.

२००२ साली त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ते तांड्यावर परतले. उन्हाळ्यात टँकर आला की तिथे घागरींची झुंबड उडायची, डोकी फुटायची. नायकांनी घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या : तुमची वेळ सव्वादहा, तुमची साडेदहा. वेळेआधी कोणी घराबाहेर पडायचं नाही. पहिल्या दिवशी पोरं हसली. "साहेब, टँकरला का इमान समजून राहिले?" "इमान उशिरानं आलं तर मानसं नुसती चिडत्यात. पान्यावरून कापाकापी व्हती," ते म्हणाले. दर फेरीत एक चिठ्ठी कोरी राहायची. कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, तर ती चिठ्ठी त्यांची. आठवड्याभरात भांडणं थांबली. लग्नाच्या पंगतीतही जेवणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभं राहायचं नाही, मांडवात बसायचं, पाळी आली की बोलावणं यायचं. सोनाबाई चिडवायच्या, "घरात बी दोन भाकरी खाल्ल्या की तिसरीची परवानगी मागत्यात!"

माझी बदली तोवर औरंगाबादला झाली होती. महिन्यातून एकदा मी हिंगोलीला यायचे. नायक मंगळवारच्या बाजाराला आले की अप्पांकडे चहाला थांबत. अप्पा दर वेळी तेच विचारत, "काय साहेब, आज किती प्रदक्षिणा?" आणि नायक दर वेळी मान हलवत, "व्हय महाराज, मोठी चूक." एका मंगळवारी मला राहवलं नाही. "अप्पा, खरं म्हणजे त्या दिवशी..." एवढंच बोलले, तोच नायक म्हणाले, "चहात साखर कमी पडली, बाई."

फाटकापर्यंत पोचवायला गेले तेव्हा मी विचारलं, तुम्ही मला बोलू का देत नाही?

"सांग की. पर माझ्यासमोर नको. म्हातारा मानूस, माझ्यासमोर शरमंल. इतकी वर्सं ज्याची थट्टा केली त्याच्यापुढं मान खाली घालंल. ती तकलीफ त्याला काहून द्यायची?" मग फाटकाची कडी काढत, "मी गेल्यावर सांग. तुम्ही दोघंच असताना."

"सांगते. दिवाळीला येईन तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येळ दिलीस बघ, लेकरा. दिली की पाळावी लागती."

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे : अप्पांना सांगणे, दिवाळी. मी याद्या ठेवते आणि त्या पुऱ्या करते, माझी तेवढी ख्याती आहे. ती दिवाळी गेली. पुढे संक्रांत लिहिली, मग अक्षय तृतीया, मग पुन्हा दिवाळी. प्रत्येक वेळी एक तारीख खोडून दुसरी. यंदाच्या फेब्रुवारीत नायक सकाळी विहिरीवरून येता येता ओट्यावर बसले, ते उठलेच नाहीत. बासष्ट वर्षांचे होते.

शोकसभेत बोलायला किसनरावांनी अप्पांना उभं केलं. ऐंशीला आलेले अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून अकरा प्रदक्षिणांची गोष्ट सांगू लागले. पूल, डबा, खाली न दिसणारा देव. लोक हसले. सोनाबाई ओढणीनं डोळे पुसत हसल्या. शेवटी अप्पा म्हणाले, "असा नेमका माणूस आयुष्यात एकदाच चुकला, आणि नेमका माझ्याच वेळेला. मी त्याला किती छळलं! त्यानं एकदाही कारण सांगितलं नाही." मी समोर त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले होते.

दुपारी जीपनं परत निघालो. सेनगाव मागं पडल्यावर अप्पांनी विचारलं, "काय गं, तू तर तिथंच होतीस. नेमकं काय चुकलं होतं नायकांचं?"

ड्रायव्हर होता. रस्ता खराब, आवाज फार. ही कारणं मला लगेच सुचली.

"घरी गेल्यावर सांगते, अप्पा."

"किती वेळ आहे घर?"

"वीस मिनिटं."

घर आलं. अप्पा हातपाय धुऊन देवापुढे बसले, मग जेवले, मग उद्याच्या पूजेची फुलं मोजत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी औरंगाबादला आले.

सभेची यादी आज पुरी केली. सतरंज्या परत, खुर्च्या परत, मंडपवाल्याला निरोप, सोनाबाईंच्या पेन्शनचे कागद रजिस्टर टपालानं रवाना. एक ओळ उरली आहे : अप्पांना सांगणे. या वेळी तिच्यापुढे मी तारीख लिहिलेली नाही.