मागच्या ओट्यावरची मिसरी

माझ्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा डाग आहे. तो दुखत नाही, पण जीभ सारखी तिथंच जाते. मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरबाईंनी तो पहिल्यांदा पाहिला. तोंडाच्या कॅन्सरवर त्यांचं संशोधन चाललंय, म्हणून त्या आमच्या तापीकाठच्या गावांत येऊन बायकांची तोंडं तपासतात. मला म्हणाल्या, "काकू, आज हा कॅन्सर नाही. पण यावर लक्ष ठेवावं लागेल. मी येत जाईन."

त्या येत जातील म्हणून मला झोप लागायची.

मग एका खेपेला त्या आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. पैसे संपत आले म्हणाल्या. मला वाटायचं, डॉक्टरला पगार असतो, आणखी कसले पैसे? विचारायचा धीर नव्हता, पण त्यांनीच सांगितलं. पगार त्यांचा स्वतःचा. गाडी, सोबत येणारी नर्स, तोंडातला तुकडा काढून तपासायला पाठवतात तो खर्च, हे सगळं संशोधनाच्या पैशातून. नव्या संशोधकांना कॉलेज सुरुवातीला थोडा निधी देतं, तोच आजवर पुरला. आता बाहेर अर्ज करायचे. मुंबईच्या एका ट्रस्टनं नाही म्हटलं, कारण आधीचं काम कमी पडलं. परदेशातल्या एका संस्थेला सोबतीला मोठं हॉस्पिटल हवं होतं.

"आधी काम दाखवा म्हणतात, काकू. आणि पैशाशिवाय काम कसं होणार?" असं म्हणून त्या हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

दिल्लीला केलेला एक अर्ज मात्र पुढं सरकला होता. तिथली दोन माणसं गाव बघायला येणार होती. बायका खरोखर मिसरी लावतात का, तपासून घेतात का, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. त्यावरच पैसे द्यायचे की नाही ते ठरणार होतं.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी भाजून बारीक केलेली तंबाखू. आमच्याकडच्या बायका सकाळी, जेवणानंतर आणि चहानंतर ती बोटानं दातांना घासतात. पण सासऱ्यासमोर, जेठासमोर, नवऱ्यासमोर कधी नाही. त्यांना माहीत असतं, त्यांना माहीत आहे हे आपल्यालाही माहीत असतं, तरी डबी कंबरेलाच राहते. डॉक्टरबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या आजवर आल्या तेव्हा पुरुष शेतात असायचे. आणि आम्हाला वाटलं, हे काय सांगायचं?

पाहुणे आले त्या दिवशी समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या. माझे जेठ सरपंच. दिल्लीची माणसं म्हटल्यावर ते धुवट कपडे घालून पहिल्या खुर्चीवर येऊन बसले, शेजारी गावातली जाणती माणसं. आम्ही बायका सतरंजीवर, पदर नाकापर्यंत ओढलेले. पाहुण्यांत एक वयस्कर डॉक्टर होते आणि एक चष्म्याच्या बाई. डॉक्टरांनी हिंदीतून विचारलं, मिसरी कोण कोण लावतं?

पदराआडून सगळ्यांनी पहिल्या खुर्चीकडं बघितलं. शेवटी माझी मोठी जाऊ, सरपंचांचीच बायको, म्हणाली, "आम्ही नही लावतस."

मग दुसरी म्हणाली, "मीबी नही." तिच्यामागून सगळ्याच तसं म्हणाल्या.

पाहुण्या डॉक्टरांनी हातातले कागद चाळले आणि आमच्या डॉक्टरबाईंना इंग्रजीत हळूच काही विचारलं. शब्द मला कळले नाहीत. डॉक्टरबाईंचं तोंड पांढरं पडलेलं तेवढं दिसलं. माझी जीभ डागावर गेली. उठून खरं सांगावं असं फार वाटलं. पण समोर जेठ बसलेले. मी उठले नाही.

"चहा आणा रे," जेठ म्हणाले, तेव्हा मात्र मी उठले.

चहा झाल्यावर एकेक बाई मागच्या दारानं सटकू लागली. कुठं चालल्यात ते मला सांगायला नको होतं. तेवढ्यात चष्म्याच्या बाई रिकामा कप घेऊन माझ्याकडं आल्या आणि हात धुवायला पाणी कुठं म्हणून विचारलं. पाण्याची बादली पुढच्या दाराशी होती. मी मागचं दार उघडलं.

मागच्या ओट्यावर सगळ्या ओळीनं बसलेल्या. पदर खांद्यावर, बोटं तोंडात, आणि मधोमध मोठी जाऊ, डबी पुढं सरकवत. बाईंना बघून एकही बोलेना. बोलणार कशा, तोंडं भरलेली.

जाऊबाई थुंकून आल्या आणि आधी माझ्यावर घसरल्या. "दार काबर उघाडं वं?" मग पाहुण्या बाईंना म्हणाल्या, "तठे आमना मालक बठेल शेतस. त्यास्ना समोर कसं सांगाऊ?"

डॉक्टरबाई मागून धावत आल्या होत्या. आत नवरा बसलाय, त्याच्यासमोर कसं सांगणार, असं त्यांनी हिंदीत समजावलं. चष्म्याच्या बाईंना हसू आवरेना. त्या तिथंच ओट्यावर टेकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून विचारू लागल्या. आता सगळ्या बोलत होत्या, एकमेकींचंही सांगत होत्या.

माझी पाळी आली. मी पदर मागं घेतला आणि तोंड उघडलं. बाईंनी मोबाइलच्या उजेडात डाग बराच वेळ पाहिला. विचारलं, डॉक्टर यायच्या थांबल्या तर काय कराल?

"मग कोण बघणार?" मी म्हणाले.

आत जेठ त्या वयस्कर डॉक्टरांना गावच्या रस्त्याचं सांगत होते.

उन्हाळ्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. मी भाकरी थापत होते. "काकू, मिळाले पैसे. तीन वर्षांसाठी." तव्यावरची भाकरी करपली तरी मी पदरानं डोळेच पुसत होते. जाऊबाई म्हणाल्या, "रडी काय ऱ्हायनी? चांगलं शे ना?"

आता तपासणी मागच्या ओट्यावरच होते. जेठ कोणी न सांगता शेतात निघून जातात. मी आले की जाऊबाई म्हणतात, "उनी दार उघाडणारी." मिसरी मी सोडली आहे, तरी चहा झाला की हात कंबरेकडं जातोच.

परवा डॉक्टरबाईंनी डाग पाहिला. वाढलेला नाही, उलट थोडा फिका झालाय म्हणाल्या. मग पिशवी आवरता आवरता, येणं ठरलेलंच असल्यासारखं, पुढच्या खेपेला येताना काय काय आणायचं ते त्या नर्सला सांगत होत्या.