युसूफभाईंचा अर्ज

आखातात ज्याच्या डोक्यावर कर्ज चढतं तो माणूस आधी रस्ता बदलतो, मग किराणावाला बदलतो आणि शेवटी फोन नंबर. युसूफभाई सोलकरांचं सगळंच उलटं. ज्याचं देणं आहे तो समोरच्या फुटपाथवर दिसला की हे गाड्यांमधून वाट काढत पलीकडे जायचे, सलाम करायचे आणि म्हणायचे, "या महिन्याला जमणार नाय. पुढच्या सात तारखेला मीच येतो, तू येऊ नको." समोरचा बिचारा गोंधळून जायचा. पैसे मागायची त्याची अजून तयारीच झालेली नसायची.

आमची ओळख कतारमधल्या मेसईदच्या बसमध्ये झाली. अठ्ठ्याण्णव साली मी साताऱ्याहून उठून तिथल्या खताच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागलो, तेव्हा ते स्टोअरमध्ये बारा वर्षं मुरलेले होते. गाव दापोलीकडचं. पहिल्याच दिवशी माझ्या हातात सहीसाठी कंपनीची चार पानं होती आणि मी बसच्या धक्क्यांत पेन चाचपत होतो. शेजारच्या सीटवरून आवाज आला, "मराठी हायस ना? मग आधी वाच. सही काय पळून जात नाय, सही करणारा पळतो." मी वाचलं. पगार ठरल्यापेक्षा दोनशे रियालनी कमी लिहिला होता. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

आणि नशीब बघा, हाच माणूस सहीनं बुडाला.

दोह्याजवळ अल रय्यानला त्यांनी लाँड्री काढली. परवाना अर्थातच एका कतारी माणसाच्या नावावर, भागीदार त्यांचा जुना रूममेट. यंत्रं उधारीवर आणली आणि विक्रेत्याला तारण म्हणून चेक दिला. त्यावर तारीख नाही, रक्कम नाही, नुसती सही. तिकडे सगळेच देतात, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण तो चेक वटला नाही की प्रकरण बँकेचं राहत नाही, पोलिसांचं होतं. शिवाय पगारावर बँकेचं कर्ज काढलं, आणि त्याला जामीन म्हणून सही कोणी केली? मी शहाण्यानं. तीही नीट वाचून.

दोन वर्षं लाँड्री बरी चालली. मग रस्ता रुंद करायला ती इमारतच पाडली, भागीदार सुट्टीवर गेला तो गेलाच, आणि युसूफभाईंकडे दोन धुण्याची यंत्रं आणि सहा ठिकाणची देणी राहिली.

त्याच सुमारास त्यांची वार्षिक सुट्टी लागली. तिकीट हातात होतं. देश सोडायला लागतं ते एक्झिट परमिटही कंपनीनं काढून दिलं होतं. बसमध्ये जो तो सल्ला द्यायचा, "भाई, यल्ला, निघा. विमानात बसलात की खलास." युसूफभाई ऐकून घ्यायचे. हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. इकडे मी रात्री हप्त्यांचा हिशेब मांडत बसायचो. ते गेले की बँक मला धरणार. माझी बायको सुनंदा तर सरळच म्हणाली, "अहो, त्यांना विचारा तरी. की पोरीला शाळेतून काढून आपणच हप्ते भरायचे?"

विचारायची माझी छाती झाली नाही. मी त्याहून हलकं काम केलं. कंपनीची सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा मंदूब होता, त्याच्या टेबलाशी गेलो आणि हळूच म्हटलं, सोलकरांचं परमिट अडवता आलं तर बघा. त्यानं ड्रॉवर उघडून एक कागद दाखवला. "वो तो कल ख़ुद वापस दे गया. बोला, कैन्सल करो." मी शुक्रन म्हटलं आणि बाहेर जिन्यात येऊन उभा राहिलो. लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेच्या आधी हायसं वाटलं. युसूफभाईंना मी यातलं अवाक्षर बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी युसूफभाई स्वतःच कागदांचं एक भेंडोळं घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा मावसभाऊ अमेरिकेत पेट्रोलपंप चालवता चालवता बुडाला होता. तिथं म्हणे आपल्या जिल्ह्याच्या फेडरल कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करता येतो. सगळी देणी आणि सगळी मालमत्ता शपथेवर लिहायची, मग कोर्ट ठरवतं काय फेडायचं आणि काय सुटायचं. त्या भावानं कोऱ्या अर्जाची प्रत पाठवली होती.

"युसूफभाई, हा अर्ज इथं घेणार कोण? आपल्यासारख्या पगारदारांना असलं काही नाही इथं."

"म्हायत हाय. पण प्रश्न बघ किती बरोबर इचारलेत. कोणाचं देणं, किती, कशापायी, आणि घरात काय काय हाय. हे मना आजवर कोणी इचारलंच नव्हतं. मी पण नाय. तू टाइप कर."

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही तो भरला. मालमत्तेत त्यांनी यंत्रं लिहिली, इस्त्र्या लिहिल्या, प्रेशर कुकर लिहिला. मी म्हटलं, कुकर कशाला? म्हणाले, "अजून शिट्टी होते त्याची. मग मालच ना?" ज्यांचं देणं आहे त्यांच्या यादीत पहिलं नाव माझं, जाधव असं सांगितलं. मी म्हटलं, माझं तुमच्याकडे काही येणं नाही.

"तू जामीन हायस. माज्यामुळं तुज्या घरात घास गोड लागत नसंल. ते पयलं देणं."

मी मान खाली घालून टाइप केलं. मंदूबकडे गेल्याचं सांगून टाकायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती, पण मी पुढचं नाव विचारलं.

आता कोर्ट कुठून आणायचं? त्यांच्या गावाची जमात होती दोह्यात, तीस-चाळीस माणसं. भांडण झालं, वाटणी अडली की जमातीत बसून मिटवायचं ही गावची रीत त्यांनी इथंही ठेवली होती. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर युसूफभाईंनी जमातीच्या खोलीत सगळ्या घेणेकऱ्यांना बोलावलं, परमुलखातल्यांनासुद्धा. समोर फक्त काळा चहा. "ज्यांचे पैसे अडकवले त्यांना त्यांच्याच पैशानं बिर्याणी घालू काय?" सतरंजीवर बसून त्यांनी तो अर्ज हिंदीत वाचला, पहिल्या नावापासून कुकरपर्यंत. आवाज एकदाही हलला नाही. मग म्हणाले, "मैं भागूँगा नहीं, परमिट वापस किया है. हर महीने जितना बचेगा, सबमें बाँटूँगा."

बाकीचे तयार झाले. यंत्रांचा विक्रेता मात्र उठला, म्हणाला, "काग़ज़ अच्छा है, पर चेक उससे अच्छा है," आणि रविवारी त्यानं चेक भरून बँकेत टाकला. चेक न वटता परत आला, तक्रार झाली. युसूफभाईंनी पोलिसांची वाट बघितली नाही. धुतलेला शर्ट घातला, अर्जाची प्रत घेतली आणि स्वतःच ठाण्यात जाऊन बसले.

एकोणीस दिवस आत होते. गावी फोन मी केला. जुबेदाभाभींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, आमची काळजी करू नका. फेडूनच या." असा नवरा-बायकोचा जोडा मी दुसरा पाहिला नाही. शेवटी जमातीतल्या म्हाताऱ्यांनी विक्रेत्याला गाठलं. आत बसलेला माणूस हप्ता कुठून देणार, हे त्याच्या गळी उतरवलं आणि त्यानं तक्रार मागे घेतली. कंपनीनं ते दिवस रद्द केलेल्या सुट्टीतून वळते केले. "बघ, सुट्टी फुकट गेली नाय," युसूफभाई म्हणाले.

पुढं पाच वर्षं ते गावी गेले नाहीत. स्टोअरची पाळी संपली की एका ओळखीच्याच्या लाँड्रीत इस्त्री करायचे. कधी चिडून मी म्हणायचो, पुरे आता, थोडं अंगाकडे बघा. उत्तर ठरलेलं, "अंग माजं हाय. पैसे त्यांचे." बँकेचा शेवटचा हप्ता फिटून माझी जामीनकी सुटली तेव्हा ते बँकेचं पत्र घेऊन घरी आले, सुनंदासमोर ठेवलं आणि म्हणाले, "वैनी, झालं एकदाचं." सुनंदा रडली. मग ते नोकरी सोडून गावी गेले. दोनच वर्षं मिळाली त्यांना तिथं.

एका सकाळी ऑफिसात फोन आला. त्यांचा मुलगा सलीम.

"काका, अब्बा गेले. जनाजा ठेवलाय. नमाजाआधी विचारायचं असतं, मयताकडे कोणाचं काही येणं राहिलंय का. इथं विचारलं, कोणी बोललं नाही. अब्बा सांगून गेलेत, जाधवला विचारल्याशिवाय मला उचलू नका."

"माझं काही येणं नाही रे, सलीम."

"मग माफ केलं म्हणा."

ते दोन शब्द म्हणायचा मला हक्कच नव्हता. मी त्याला मंदूबची गोष्ट सांगितली, भर ऑफिसात, सगळ्यांसमोर, इतकी वर्षं सुनंदालाही न सांगितलेली. पलीकडे माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"त्यांना ठाऊक होतं, काका," सलीम म्हणाला. "मंदूबनं त्याच दिवशी सांगितलं होतं. अब्बा म्हणायचे, पोराबाळांचा माणूस, मंदूबकडे जाणारच. तुम्ही म्हणा आता, लोक उभे आहेत."

मी खुर्चीवरून उठलो आणि म्हटलं, "माफ केलं."

माफी मागायची होती ती मी. ती राहूनच गेली.